नव्या नर्ससाठी: कौन्सिल, युनियन आणि असोसिएशन यांच्यात वाट कशी काढायची

पहिली नोकरी लागून महिना होत नाही तोच कोणीतरी सीनियर विचारते, "टीएनएआयची मेंबर झालीस का गं?" टीएनएआय म्हणजे नर्सेसची असोसिएशन. त्याच आठवड्यात दुसरं कोणी युनियनची पावती फाडायला येतं. आणि कौन्सिलच्या नूतनीकरणाचा मेसेज तर व्हॉट्सॲपवर फिरतच असतो. नव्या सिस्टरला आणि ब्रदरला हे सगळं एकच वाटतं. मग पगाराची तक्रार कौन्सिलला जाते, रजिस्ट्रेशनची अडचण युनियनच्या नेत्याला सांगितली जाते, आणि सहा महिन्यांनी 'कोणी काही करत नाही' असा निष्कर्ष निघतो. करणारे असतात, पण ज्याचं जे काम त्यालाच ते सांगावं लागतं.

हा लेख महाराष्ट्रात काम करणाऱ्यांसाठी आहे. गोव्यात किंवा दुसऱ्या राज्यात असाल तर कौन्सिल बदलेल, बाकीची रीत साधारण हीच.

पायरी १: तिघांची कामं वेगळी करून घ्या

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल ही कायद्याने बनलेली संस्था आहे, महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ खाली. तुमची नोंदणी, तिचं नूतनीकरण, नर्सिंग शाळा-कॉलेजांवर देखरेख आणि व्यवसायात गैरवर्तन झालं तर कारवाई, हे तिचं काम. स्पष्टच सांगायचं तर कौन्सिल तुमची वकील नाही. ती पेशंटच्या बाजूने तुमच्यावर लक्ष ठेवते, आणि तसंच असायला हवं. देशपातळीवर १९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिल आली. आता २०२३ चा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा झाला आहे, त्यात राज्यांच्या आयोगांचीही तरतूद आहे. त्यामुळे पुढे पाटीवरचं नाव बदललेलं दिसलं तर गोंधळू नका, नोंदणीशिवाय काम नाही हे तत्त्व कायम आहे.

युनियन नोकरीच्या अटींसाठी भांडते. पगार, भत्ते, बदल्या, कंत्राटी भरती, रिक्त पदं. सरकारी दवाखान्यांतल्या नर्सेसची महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटना याच कामाची. २०२२ मध्ये खासगी कंपनीमार्फत कंत्राटी भरती करण्याच्या निर्णयाविरुद्ध राज्यभर संप झाला, तो तिनेच पुकारला होता. महापालिकांत, ईएसआय म्हणजे कामगार विम्याच्या रुग्णालयांत, खासगी रुग्णालयांत वेगवेगळ्या युनियन असतात, काही ठिकाणी एकाच हॉस्पिटलात दोन.

तिसरी व्यावसायिक संघटना. आपल्याकडे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे टीएनएआय, आणि तिची महाराष्ट्र राज्य शाखा. हिची सुरुवात १९०५ मध्ये लखनौला झाली, ती मेट्रनबाईंची संघटना म्हणून. सर्वसाधारण प्रशिक्षित नर्सेसची संघटना काढायचं ठरलं ते १९०८ च्या मुंबईतल्या परिषदेत. १९१० पासून तिचं नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया निघतं आहे आणि १९१२ पासून ती आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची सभासद आहे. नर्सिंगचं शिक्षण कसं असावं, वॉर्डात किती माणसं हवीत, धोरण ठरवणाऱ्या समितीत नर्स बसते की नाही, हे तिचे विषय. तुमची इन्क्रिमेंट अडली तर ती फारसं काही करू शकणार नाही. तुमच्यासारख्या हजारोंचं वेतन कशावर ठरावं, हे मात्र ती न्यायालयात मांडू शकते, आणि तिने ते मांडलंही.

ते प्रकरण प्रत्येक नव्या नर्सला माहीत असावं. खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या तुटपुंज्या पगारांबद्दल टीएनएआय सर्वोच्च न्यायालयात गेली. २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने त्याच वर्षी शिफारस केली: २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात पगार राज्य सरकारच्या नर्सइतका, १०० च्या वर खाटा असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० रुपयांच्या खाली नाही. ही शिफारस होती, आदेश नव्हता. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली, आणि बहुतेक ठिकाणी ती तिथेच राहिली.

केरळात काय झालं ते पाहा. तिथे युनायटेड नर्सेस असोसिएशन या युनियनने संप आणि मोर्चांचा रेटा लावला, आणि एप्रिल २०१८ मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांसाठी २०,००० रुपये किमान वेतनाची अधिसूचना काढली. म्हणजे आकडा आला असोसिएशनच्या खटल्यातून आणि तो हातात पडला युनियनमुळे. 'दोन्हींतलं एक कुठलं घेऊ?' असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर म्हणून एकच असतं: दोन्ही घ्या.

पायरी २: आधी स्वतःची फाईल लावा

सभासद होण्याआधी कागद नीट हवेत, कारण राज्य नोंदणीशिवाय पूर्ण सभासदत्व मिळत नाही. नोंदणी प्रमाणपत्र, दहावी-बारावीची आणि नर्सिंगची गुणपत्रकं, आधार, फोटो. यात सर्वात जास्त घोळ नावाचा होतो. दहावीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, आधारवर लग्नानंतरचं, कौन्सिलकडे तिसरंच स्पेलिंग. लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र घेऊन ते कौन्सिलकडे आधी बदला, मग बाकी सगळीकडे. बदलायचं नसेल तर उत्तमच, आयुष्यभराची कटकट वाचते.

मूळ कागदपत्रं कोणाकडेही ठेवू नका. काही खासगी रुग्णालयं रुजू होताना 'बाँड' म्हणून मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात आणि नोकरी सोडताना पैसे मागतात. बाँडच्या या पद्धतीविरुद्ध इंडियन नर्सिंग कौन्सिलने सूचना काढलेल्या आहेत. पडताळणीसाठी मूळ प्रत दाखवा, साक्षांकित झेरॉक्स द्या, मूळ प्रत त्याच टेबलावरून परत घ्या. 'सगळ्यांचे ठेवतो' असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागा. लेखी मागितलं की बरेचदा विषय तिथेच संपतो.

पायरी ३: शाखा शोधा, सभासद व्हा

राज्य शाखेखाली जिल्हा किंवा शहर शाखा आणि मोठ्या संस्थांत स्थानिक युनिट अशी रचना असते. तुमच्या गावी कोण पाहतं हे शोधण्याचा जुना आणि खात्रीचा मार्ग म्हणजे मेट्रन ऑफिस. तिथे नाही कळलं तर जवळच्या नर्सिंग कॉलेजात जा आणि एसएनए ॲडव्हायझर कोण ते विचारा. एसएनए ही विद्यार्थ्यांची संघटना, टीएनएआयचीच, १९२९ पासूनची. कॉलेजात असताना पोस्टर स्पर्धा, वादविवाद, खेळ यांसाठी तुम्ही तिच्या अधिवेशनाला गेला असाल. पास झाल्यावर मोठ्या संघटनेत यायचं हा तिचा हेतू, पण निकालानंतर निम्म्याहून जास्त मुलं तिथेच गळतात असं मला दिसतं. अजून शिकत असाल तर ॲडव्हायझर मॅडमशी संबंध तोडू नका. शाखेशी तुमची ओळख त्याच करून देतील.

सभासदत्व आजीव असतं, एकदाच फी भरायची. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), बी.एस्सी. झालेल्यांना पूर्ण सभासदत्व, एएनएम (सहायक परिचारिका) आणि एलएचव्हींसाठी (लेडी हेल्थ व्हिजिटर) वेगळा वर्ग आहे. फी किती ते फॉर्मवर पाहून घ्या, फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर जाऊ नका. पैसे संस्थेच्या खात्यावर भरा, कोणा व्यक्तीच्या मोबाईल नंबरवर नाही. पावती आणि सभासद क्रमांक आला की दोन्हींचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा.

एकेकाळी रेल्वेच्या तिकिटातल्या सवलतीसाठी मेंबर होणारे पुष्कळ होते. फी भरून काय 'मिळतं' हा प्रश्न आजही पहिला येतो. खरं सांगायचं तर कार्ड पाकिटात ठेवून काहीच मिळत नाही.

पायरी ४: पहिल्या सभेला जा

नाईट करून जाऊ नका, झोप लागते आणि सभा रटाळ असतेच. ऑफच्या दिवशी जा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जाईल, जमाखर्च मांडला जाईल, १२ मेच्या जागतिक परिचारिका दिनाच्या कार्यक्रमावर गरजेपेक्षा जास्त वेळ जाईल. हा दिवस फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस, साजरा जरूर करावा. पण वर्षभरातलं सगळं काम म्हणजे दिवे लावून शपथ आणि पाहुण्यांना नारळ-शाल असं झालं असेल, तर ती शाखा झोपलेली आहे असं समजा. आणि तरीही आत जा. झोपलेली शाखा बाहेरून कोणी जागी करत नाही.

पहिल्याच दिवशी भाषण नको. संघटनेत वेगवेगळ्या स्थायी समित्या असतात: शिक्षण, सेवा, सामाजिक-आर्थिक कल्याण, सभासद नोंदणी. त्यातली एक निवडा आणि 'मी मदत करते' एवढं सांगा. नव्यांसाठी माझ्या मते सभासद नोंदणी सर्वात चांगली, कारण त्या निमित्ताने इतर हॉस्पिटलांतल्या सिस्टर्स ओळखीच्या होतात. पुढे तुमच्या आयसीयूमध्ये दोन नर्सेसवर बारा पेशंट टाकले जातील तेव्हा शेजारच्या हॉस्पिटलात काय चाललं आहे हे फोनवर विचारायला माणूस असतो.

पायरी ५: तक्रार कशी न्यायची

वॉर्डात माणसं कमी आहेत हे रोजचं रडगाणं. चहाच्या वेळी ते कितीही आळवलं तरी उपयोग नाही, ते कागदावर आलं पाहिजे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकष लक्षात ठेवा: शैक्षणिक रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात ३ रुग्णांमागे १ नर्स, इतर रुग्णालयांत ५ मागे १, आयसीयूत १ ला १, आणि यावर रजेसाठी ३० टक्के जादा पदं. आपल्याकडे प्रत्यक्षात काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण 'खूप लोड आहे' आणि 'निकष ५ ला १, काल रात्री ३८ ला १' या दोन वाक्यांत फरक आहे.

अर्ज आधी आपल्याच ऑफिसला द्यायचा, थेट असोसिएशनकडे नाही. इनचार्ज सिस्टरना वगळून वर जाऊ नका. त्यांचाही त्रास तोच असतो आणि विश्वासात घेतलं तर सही देतात. अर्ज असा असावा (अधिसेविका म्हणजे मेट्रन, परिसेविका म्हणजे इनचार्ज सिस्टर, अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स):

प्रति,
मा. अधिसेविका
(योग्य मार्गाने: परिसेविका, वॉर्ड क्र. ७)

विषय: रात्रपाळीत अपुऱ्या मनुष्यबळाबाबत

महोदया,
दि. ३ ते ९ या आठवड्यात वॉर्ड क्र. ७ मध्ये रात्रपाळीत प्रत्येक दिवशी एकच अधिपरिचारिका कार्यरत होती. रुग्णसंख्या ३४ ते ३८ होती, त्यापैकी ५ रुग्णांना दर तासाला निरीक्षण आवश्यक होते. दि. ६ रोजी दोन रुग्णांची प्रकृती एकाच वेळी बिघडली असता रात्रपाळी पर्यवेक्षिकांना कळवले, परंतु जादा कर्मचारी उपलब्ध होऊ शकले नाहीत. रुग्णसुरक्षेच्या दृष्टीने किमान दोन अधिपरिचारिकांची नेमणूक व्हावी, ही विनंती. रुग्णसंख्येचा तक्ता सोबत जोडला आहे.

यात कोणावर आरोप नाही, पेशंटचं नाव नाही, आणि आकडे रिपोर्ट बुकातून घेतलेले आहेत. खाली एक सही नको, वॉर्डातल्या सगळ्यांच्या हव्यात. दोन प्रती काढा, एक आवक-जावकमध्ये द्या आणि दुसरीवर शिक्का व तारीख मारून पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने किंवा अधिकृत ईमेलवर पाठवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र द्या. मग या सगळ्या प्रती घेऊन शाखेच्या सचिवांकडे जा. असोसिएशन हे पाच हॉस्पिटलांचे अर्ज एकत्र करून आरोग्य खात्याकडे किंवा संचालनालयाकडे नेऊ शकते. तुमच्याकडे पोच नसेल तर तिच्याकडेही न्यायला काही नसतं.

रिपोर्ट बुकाचं पान मात्र मोबाईलवर काढून ग्रुपवर टाकू नका. पेशंटची माहिती बाहेर गेली की मूळ तक्रार बाजूला पडते आणि चौकशी तुमचीच लागते.

मारहाण आणि छळ यांची वाट वेगळी

इथे सभेची वाट पाहायची नसते. नातेवाइकांनी हात उचलला तर महाराष्ट्रात २०१० चा वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्था हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात नर्सेस येतात आणि नर्सिंगचे विद्यार्थीही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, मोडतोडीची भरपाई दुप्पट. आधी नाईट सुपर (रात्रपाळी पर्यवेक्षिका) आणि सीएमओंना (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर) कळवा, स्वतःची वैद्यकीय तपासणी करून केस पेपर घ्या, मग पोलीस. प्रशासन 'मिटवून टाकू' म्हणेल, तेव्हा असोसिएशन आणि युनियन दोघांच्या माणसांना पोलीस ठाण्यात बोलवा. ड्रेसवर चार जणी सोबत उभ्या असल्या की फिर्याद लिहून घेण्याचा वेग बदलतो.

लैंगिक छळ असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची. समितीत कोण आहे याचा बोर्ड कुठे लावला आहे, हे रुजू झाल्याच्या आठवड्यातच पाहून ठेवा.

यातली एकजूट मुंबईच्या नर्सेसनी फार पूर्वी दाखवली आहे. १९७३ मध्ये केईएममधल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर हॉस्पिटलच्या आवारातच हल्ला झाला, तेव्हा नर्सेस संपावर गेल्या. मागण्या होत्या अरुणाची नीट काळजी आणि कामाच्या जागी सुरक्षितता. पुढे अरुणा यांना तिथून हलवण्याचा विचार झाला तेव्हाही केईएमच्या नर्सेस आडव्या आल्या. २०१५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत शुश्रूषा त्याच हॉस्पिटलात, पिढ्या बदलत गेलेल्या सहकाऱ्यांनीच केली.

पायरी ६: क्रेडिटचे तास साठवत जा

नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी सीएनई, म्हणजे सततच्या शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या हिशेबाने पाच वर्षांत १५० तास, म्हणजे वर्षाला ३०. पाचव्या वर्षी डिसेंबरात धावाधाव करणाऱ्यांची गर्दी दरवेळी दिसते. शाखा आणि कॉलेजं कार्यशाळा घेतात. फी भरण्याआधी एवढंच विचारा: या कार्यक्रमाला कौन्सिलची मान्यता आहे का, आणि किती तास? सुंदर छापलेल्या प्रमाणपत्रावर तास नसतील तर ते नूतनीकरणाला उपयोगी नाही.

आणखी एक. कार्यशाळेचा विषय तुम्हीही सुचवू शकता. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची काळजी, डायलिसिस, नवजात बाळाचं पुनरुज्जीवन, जे वॉर्डात अडतं ते मागा. नाहीतर 'ताणतणाव व्यवस्थापन' हा विषय दरवर्षी ठरलेला, आणि तो ऐकायला डबल ड्युटी करून यायचं.

पायरी ७: मत द्या, हिशेब मागा

पदाधिकारी निवडणुकीने येतात. वर्षानुवर्षं तीच नावं दिसत असतील तर दोष फक्त त्यांचा नाही, दुसरं कोणी फॉर्म भरत नाही हेही असतं. वार्षिक सभेत लेखापरीक्षित हिशेब मागणं हा सभासदाचा साधा हक्क आहे. सीनियर मॅडमना तो अपमान वाटू नये म्हणून प्रश्न सौम्यपणे विचारा, "मॅडम, कल्याण निधीतून या वर्षी कोणाला मदत झाली?" उत्तर आलं तर छान. नाही आलं तर पुढच्या सभेत पुन्हा तोच प्रश्न, तितक्याच नम्रपणे.

सरकारी नोकरीत असाल तर संपाबाबत वेगळी सावधगिरी हवी. सेवा नियम लागू असतात आणि सरकार मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतल्या संपावर बंदी घालणारा कायदा, लावू शकतं. सहभागी व्हायचं की नाही तो तुमचा निर्णय, पण नोटीस दिली गेली आहे का आणि तातडीच्या विभागात कोण थांबणार आहे, हे युनियनकडून लेखी समजून घ्या. प्रोबेशनवर असलेल्यांनी तर नक्कीच.

राज्याबाहेर किंवा परदेशी जायचं असेल तर

पुण्याहून पणजीला किंवा बेळगावला नोकरी लागली तरी महाराष्ट्राच्या नोंदणीवर तिथे काम चालत नाही. महाराष्ट्र कौन्सिलकडून ना-हरकत घेऊन तिथल्या कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. टीएनएआयचं सभासदत्व मात्र तेच राहतं, फक्त राज्य शाखेला नवा पत्ता कळवायचा.

आखातात जायचं असेल तर सरकारच्या ई-मायग्रेट प्रणालीतून क्लिअरन्स घ्यावा लागतो. २०१५ पासून नर्सेससाठी हा नियम आहे, पासपोर्ट कुठल्याही प्रकारचा असो. टुरिस्ट व्हिसावर पाठवून 'तिकडे गेल्यावर बदलू' म्हणणाऱ्या एजंटला तिथूनच नमस्कार करा. जर्मनीसाठी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, त्यात नर्सेसही आहेत. पण भाषेची परीक्षा त्यातून सुटत नाही. कुठेही गेलात तरी कौन्सिलकडून पडताळणी आणि गुड स्टँडिंगचं (नोंदणी चालू आहे, कारवाई नाही असं) प्रमाणपत्र लागतं, आणि नूतनीकरण थकलं असेल तर ते मिळत नाही. म्हणून परदेशाचा फॉर्म भरण्याआधी नोंदणीच्या कार्डावरची तारीख पाहा, आणि शाखेत विचारून त्याच देशात आधी गेलेल्या एखाद्या सिस्टरचा नंबर मिळवा. खर्च किती आला आणि कागद कुठे अडले, हे एजंटपेक्षा ती नीट सांगेल.